काटकुळा

बागेतल्या नळीचे पितळी तोंड हरवले म्हणून परवा दुपारी मी गराजमध्ये शिरलो आणि ते सापडले नाही तरी दोन तास बाहेर आलो नाही. आमच्या गराजमधल्या खोक्यांवर पत्नीने फार पूर्वी जाड पेनने नावे लिहून ठेवली आहेत. एकावर ‘दिवाळी’, एकावर ‘पडदे’, एकावर ‘टॅक्स ९१ ते ९६’, आणि ज्यांत नेमके काय आहे हे आम्हां दोघांनाही ठरवता आले नाही अशा चार खोक्यांवर नुसतेच ‘इतर’. नळीचे तोंड असलेच तर ‘इतर’मध्ये असणार, या तर्काने मी दुसरे खोके उघडले आणि हाताला लागले ते १९९८ सालचे बेसबॉलचे स्कोअरबुक. हिरवा पुठ्ठा, तारेच्या वेटोळ्यांची बांधणी, पुठ्ठ्यावर कॉफीच्या पेल्याचे गोल वळ आणि आत सगळीकडे माझे, तेव्हाचे बऱ्यापैकी सुवाच्य, शिसपेन्सिलीतले मराठी अक्षर.

मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता आणि न्यू जर्सीच्या मध्यभागातल्या आमच्या गावच्या लिटल लीग, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल, संघात खेळत असे. संध्याकाळी मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसणाऱ्या पालकांमध्ये खेळ न कळणारा पण हिशेब कळणारा असा मी एकटाच होतो. मुंबईत असताना कांगा लीगच्या सामन्यांत, भर पावसात, एका हाताने छत्री आणि दुसऱ्या हाताने पेन्सिल सांभाळत मी आमच्या क्लबचा स्कोअर लिहीत असे, हे मी एकदा प्रशिक्षकांना बोलून बसलो. पुढच्याच सामन्याला त्यांनी हे हिरवे पुस्तक माझ्या मांडीवर ठेवले आणि तो उन्हाळा संपेपर्यंत ते परत घेतले नाही.

बेसबॉलचा स्कोअर लिहिण्याची पद्धत रूढ करणारा हेन्री चॅडविक हा माणूस मूळचा इंग्लंडचा, वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी अमेरिकेत आलेला आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा, हे मला नंतर समजले आणि मग परकेपणा बराच कमी झाला. क्षेत्ररक्षकांना एक ते नऊ आकडे. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा एक, कॅचर म्हणजे फलंदाजामागे उभा राहून तो झेलणारा दोन, पहिला बेस, म्हणजे फलंदाजाने धावत गाठायचा पहिला टप्पा, सांभाळणारा तीन, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप सहा. चौकोनात ‘६-३’ लिहिले की शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसकडे फेकला आणि फलंदाज बाद झाला, एवढी सगळी हकिकत आली. मारण्याजोगा चेंडू सोडला किंवा बॅट फिरवूनही चुकला की स्ट्राइक, आणि असे तीन झाले की फलंदाज बाद. तिसऱ्या स्ट्राइकला बॅट फिरवून चुकला तर ‘के’, आणि नुसताच बघत उभा राहिला तर तोच ‘के’ आरशात पाहिल्यासारखा उलटा. उभ्या उभ्या बाद होणाऱ्या माणसासाठी अक्षरच उलटे करून ठेवण्याची ही कल्पना मला अतिशय आवडते. आपल्या क्रिकेटच्या स्कोअरबुकात इतका खवचटपणा नाही.

मी मात्र यात थोडी स्वतःची भर घातली होती. चार चेंडू बाहेर पडून फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळाला, म्हणजे वॉक मिळाला, की मी ‘चा’ लिहीत असे. ‘चा’ म्हणजे चालत. प्रतिस्पर्धी संघाच्या मुलांची नावे सराव-सामन्यांत कोणी सांगत नसे आणि विचारण्याचा मला संकोच वाटे, म्हणून नावाच्या रकान्यात मी सरळ वर्णन लिही: ‘चष्मा’, ‘लाल मोजे’, ‘रडवा’, ‘उलटी टोपी’. त्या मुलांच्या आयांना मराठी येत नव्हते हे माझे नशीब.

आता मुद्द्याचे सांगतो. ऑगस्ट १९९८ मधल्या एका शनिवारी आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. पेनसिल्व्हेनियातल्या साउथ विल्यम्सपोर्ट येथे लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता आणि आमच्याच राज्यातल्या, समुद्राकाठच्या टॉम्स रिव्हर गावची मुले जपानमधल्या काशिमाच्या मुलांशी खेळत होती. टॉम्स रिव्हरच्या टॉड फ्रेझर नावाच्या मुलाने सुरुवातीलाच होमरन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे घालवणारा फटका, मारला, चारपैकी चारही वेळा तो यशस्वी झाला आणि शेवटी पिचिंगला येऊन अखेरचा फलंदाजही त्यानेच टिपला. निकाल १२-९. पडद्यावर त्याचा चेहरा मोठा झाला तेव्हा आमचे चिरंजीव कोचावरून उठून ओरडले, “बाबा, दॅट्स हिम! याला मी जूनमध्ये आउट केलं होतं!”

त्या दिवसापासून ही गोष्ट आमच्या घरात नांदू लागली. जूनमधल्या एका सराव-सामन्यात टॉम्स रिव्हरचा संघ आमच्याकडे आला होता, टॉडने आमच्या भरवशाच्या पिचरला कुंपणापलीकडे भिरकावले होते आणि नंतर मुलाच्या हाती चेंडू आला तेव्हा त्याने टॉडला तिसऱ्या स्ट्राइकवर नुसते बघत उभे केले होते, ही ती गोष्ट. पुढे टॉड वाढत गेला तशी तीही वाढली. न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियमवर राष्ट्रगीताच्या वेळी यांकीज संघाच्या नामांकित डेरेक जीटरच्या शेजारी टोपी काढून उभ्या असलेल्या त्या मुलाचे छायाचित्र आमच्या फ्रिजवर चिकटले. २००७ साली सिनसिनाटी रेड्स संघाने त्याला निवडले आणि २०११ मध्ये तो मेजर लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, प्रत्यक्ष खेळू लागला, तेव्हा मुलगा नोकरीला लागला होता आणि नोकरीतल्या सगळ्यांना ही गोष्ट ठाऊक झाली होती. २०१२ मध्ये तर टॉडच्या हातातून बॅट निसटली तरी चेंडू कुंपणापलीकडे गेला आणि होमरन झाला. हा प्रसंग सांगताना मुलगा असा काही चेहरा करतो की जणू ती बॅट याच्याच भीतीने निसटली होती. २०१५ साली सिनसिनाटीतच, स्वतःच्या प्रेक्षकांपुढे टॉडने होमरन डर्बी, म्हणजे सर्वांत जास्त होमरन मारण्याची स्पर्धा, जिंकली, त्या रात्री आम्हांला चार ठिकाणांहून फोन आले.

मी तरी मागे कुठे होतो? महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत उभा असताना मी ही गोष्ट किती जणांना ऐकवली असेल याची गणती नाही. मी ती डोळ्यांनी पाहिली होती. संध्याकाळचे तिरपे ऊन, तो आडदांड, माझ्यापेक्षाही उंच भासणारा मुलगा, खांद्यावर तशीच राहिलेली बॅट, आणि पंचाने उगारलेली मूठ. माझ्या डोळ्यांसमोर ते आजही जसेच्या तसे उभे राहते.

म्हणून परवा दुपारी गराजमध्ये, उलट्या बादलीवर बसून, मी जूनची पाने उलटली. पान सापडले. वर ‘टॉ. रि.’ एवढेच लिहिलेले. त्या एका गावात लिटल लीगच्या एकाहून अधिक संघटना आहेत आणि अजिंक्यपद मिळवणारा संघ त्यांतल्या ‘ईस्ट अमेरिकन’चा, हे मला आज ठाऊक आहे, पण त्या दिवशी त्यांतली कोणती आली होती हे लिहून ठेवण्याची गरज मला वाटली नव्हती. असो. आमच्या पिचरला होमरन मारणाऱ्याची ओळ तर सापडलीच. चौकोनातल्या चौकटीच्या चारही बाजू ठळक केलेल्या आणि आतला भाग पेन्सिलीने गच्च भरलेला. नावाच्या रकान्यात आडदांड वगैरे काही नव्हते. तिथे लिहिले होते, ‘काटकुळा’.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. काटकुळा, पहिल्या खेपेला ६-३. दुसऱ्या खेपेला तो होमरन. तिसऱ्या खेपेला, पिचरच्या बदलाची उभी रेघ मारलेली आणि बाजूला आमच्या मुलाचे आद्याक्षर, म्हणजे हाच तो ऐतिहासिक क्षण. आणि त्या चौकोनात, माझ्याच अक्षरात, स्वच्छ ‘चा’.

चालत. चार चेंडू बाहेर. स्ट्राइकआउट नाहीच, तर फुकटचा बेस.

उलटा ‘के’ होता. तोही अगदी ठसठशीत, पेन्सिल दाबून काढलेला, कारण तो आमच्या मुलाचा त्या सामन्यातला एकमेव बळी होता आणि ते काढताना मला आनंद झाला असणार. पण तो होता एक ओळ खाली, ‘उलटी टोपी’च्या नावावर. तेव्हा बघत उभा राहिला तो मुलगा खरा, खांद्यावरची बॅट खरी, पंचाची मूठ खरी. आठवण तेवढी एका ओळीने वर सरकली आहे. एकट्या मुलाची सरकली असती तर मी हसून सोडून दिले असते. पण माझीही तितकीच सरकली, आणि तीही मी स्वतःच्या हाताने उलट लिहून ठेवलेले असताना! मराठी शाळेत शुद्धलेखनाची वही उतरवताना मी एखादी ओळ गाळत असे आणि आमच्या बाई त्यावर लाल पेन्सिलीने गोल करीत. तो गोल मला या पानावर दिसू लागला.

पेन्सिल हातात धरून बसलेला माणूस काय पाहत असतो? मला वाटते, तो फक्त स्वतःचा मुलगा पाहत असतो. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर पुढे मेजर लीगमध्ये २१८ होमरन मारणारा मुलगा उभा असेल किंवा नसेल. मी त्याला काटकुळा म्हटले आणि मान खाली घालून चौकोन भरले. त्याचे आडनाव, त्याची उभे राहण्याची लकब, यांपैकी काहीही मी टिपले नाही. आमच्या मुलाने मात्र त्या इनिंगमध्ये किती चेंडू टाकले, तर एकोणीस, हे समासात लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.

हा रोग आमच्याच घरचा आहे असे नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकरने नाबाद ३२६ आणि विनोद कांबळीने नाबाद ३४९ धावा करून ६६४ ची भागीदारी रचली, तेव्हा मी इकडे येऊन काही वर्षे झाली होती आणि धाकट्या भावाने पाकिटातून पाठवलेले कात्रण मी ऑफिसात कोणालाच दाखवू शकलो नव्हतो. समोरच्या सेंट झेवियर्स शाळेचे खेळाडू मैदानावर अकराच होते. पण मला मुंबईच्या प्रत्येक फेरीत त्यांतले दोन-तीन नव्याने भेटत आले आहेत आणि आजवर त्यांची संख्या सतरावर गेली आहे. त्या दिवशी मार खाल्लेल्या गोलंदाजांतला साईराज बहुतुले पुढे भारताकडून कसोटी खेळला, तेव्हा त्याला असे सांगत फिरण्याची गरज नसावी. बाकीच्यांचे मी कधीही मनावर घेतले नाही. मार खाल्ल्याची बढाई मारणारा माणूस मला मूलतः सज्जन वाटतो. आमच्या चिरंजीवांनी बळी घेतल्याची बढाई मारली, एवढाच काय तो फरक.

शिवाय आमच्या मुलाला एक वाक्य कायमचे उपलब्ध होते आणि ते त्याने कधी वापरले नाही याचे मला आश्चर्य वाटते. लिटल लीगमध्ये दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या गटालाही ‘मेजर्स’ असेच म्हणतात. तेव्हा ‘टॉड आणि मी दोघेही मेजर्समध्ये खेळलो’ हे त्याने खुशाल सांगावे, कोणाच्या बापाला खोटे ठरवता येणार नाही. बेस तिथे ६० फुटांवर असतात आणि मोठ्यांच्या खेळात ९० फुटांवर. पिचर तिथे ४६ फुटांवरून चेंडू टाकतो आणि इथे साडेसाठ फुटांवरून. एवढ्याशा अंतराचा प्रश्न आहे, पण ते अंतर हजारांतला एखादाच ओलांडतो आणि उरलेले सगळे त्याच्याविरुद्ध खेळलेले असतात.

२०२१ मध्ये योकोहामाच्या मैदानावर ऑलिंपिकचा अंतिम सामना झाला. अमेरिकेच्या संघात पस्तिशीचा टॉड फ्रेझर होता आणि समोर पुन्हा जपान. या वेळी जपान २-० ने जिंकले. पदकाच्या रांगेत रुपेरी पदक गळ्यात घालून उभ्या असलेल्या त्या माणसाकडे पाहताना मला काशिमाची ती मुले आठवली. १२-९ ने हरलेली, टीव्हीवर टोपीने डोळे पुसणारी. त्यांच्यातल्या कोणाच्या तरी घरी, त्या रात्री, एखाद्या म्हाताऱ्या बापाने नक्कीच काहीतरी सांगितले असणार.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे मुलाचा फोन आला. नात यंदा सॉफ्टबॉल खेळू लागली आहे. पहिल्याच सामन्यात तिने तीन जणींना ओळीने वॉक दिला आणि डगआउटमध्ये येऊन रडत बसली, तेव्हा तिला समजावण्यासाठी त्याने टॉडची गोष्ट सांगितली होती. तिने गोष्ट ऐकून घेतली आणि मग विचारले की हे कुठे लिहिलेले आहे का.

“मी तिला म्हटलं, आजोबांनी स्कोअरबुकात लिहिलंय. आहे ना हो बाबा ते पुस्तक? रविवारी येऊ तेव्हा दाखवा तिला.”

“असेल कुठेतरी,” मी म्हणालो. “शोधावे लागेल.”

नळीचे तोंड काही मिळाले नाही. उद्या दुकानातून नवे आणीन. स्कोअरबुक मी ‘टॅक्स ९१ ते ९६’ या खोक्यात, तळाशी, सपाट ठेवले आहे. ते खोके आमच्याकडे कोणी उघडत नाही.