कौतुकाआड लपलेली मनोधारणा
अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री यंग यांनी बालपणी रुजून पुढे जाचत राहणाऱ्या मनोधारणांचे १८ प्रकार मांडले. त्यांपैकी ‘कठोर निकष’ (कितीही केले तरी ते अपुरेच, ही धारणा) हा मला सर्वांत फसवा वाटतो, कारण इतर धारणा निदान दुःख म्हणून ओळखू येतात, ही मात्र मेहनत म्हणून शाबासकी मिळवते. ९० टक्के गुण आणणाऱ्या मुलाला उरलेल्या १० टक्क्यांचा जाब विचारला जातो (आपल्याकडे हे नवे नाही), तेव्हा प्रेम कामगिरीवर ठरते, असा अर्थ ते मूल लावू शकते. मोठेपणी जाब विचारणारे कोणी नसले, तरी माणूस तो स्वतःलाच विचारतो, विश्रांती घेतानाही अपराधी वाटून घेतो आणि त्यातून चिंता किंवा नैराश्य बळावू शकते. यंग यांच्या उपचारपद्धतीत म्हणूनच केवळ विचार तपासले जात नाहीत; बालपणी न मिळालेला आधार थेरपिस्ट व्यावसायिक मर्यादेत राहून देतो.