तुम्ही विचारलंत म्हणून : आडवं पडल्यावर बरं वाटतं का?

"मॅडम, पहिल्या बाळंतपणात तुम्हाला नेमकं काय झालं होतं? डॉक्टरांनाही कारण कळलं नव्हतं म्हणे." पालकसभेला आलेल्या बायकांपैकी कोणीतरी सभा संपली की मागे रेंगाळते आणि हे विचारते. कधी स्वतःसाठी, कधी सुनेसाठी, कधी मुंबईला असलेल्या बहिणीसाठी. व्हरांड्यात उभ्याउभ्या सांगून ते पुरत नाही, म्हणून बाळंतपणानंतरच्या त्या डोकेदुखीची हकिगत आज लिहूनच काढते.

कारण कळलं नव्हतं हे खरं नाही. कारणं भरपूर होती. आजीकडे होतं, शेजारच्या काकींकडे होतं, डॉक्टरांकडेही होतं. प्रत्येकाचं वेगळं, आणि ऐकलं की पटावं असं. त्यातच चार दिवस गेले.

2016 चा जून. माझं माहेर मालवण तालुक्यात, समुद्राला लागून. सिझेरियन एका खाजगी हॉस्पिटलात झालं, कमरेत इंजेक्शन देऊन. सहाव्या दिवशी मुलीला घेऊन घरी आले. बाळंतिणीची खोली तयार होती. बाज, बाजेखाली शेगडी, कानांवरून घट्ट बांधायला सुती फडकं, खिडकीला जाड पडदा. बाहेर मृगाचा पाऊस आणि आत मी घामाने निथळत होते. पाणी मात्र आजीच्या हातात. "गो बाये, ओल्या बाळंतिणीन पाणी जास्त पियाचा नाय, पोट सुटता," म्हणत ती फुलपात्राने मोजून द्यायची. दिवसाकाठी चार, फार तर पाच, तेही कोमट. माझ्या आजीने आठ बाळंतपणं अशीच काढली होती आणि तिने माझ्यासाठी जे केलं ते जीव लावून केलं. तिला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण फुलपात्राची गोष्ट गाळली तर हकिगत अर्धीच राहील.

दहाव्या दिवशी डोकं दुखायला लागलं. माझं डोकं पूर्वीही दुखायचं, पण हे निराळं होतं. आतून कोणी दाबून धरल्यासारखं, मानेपर्यंत. पहाटे सर्वांत जास्त. दोनदा उलटी झाली. ज्या हॉस्पिटलात बाळंत झाले तिथे फोन केला. "कमरेतल्या इंजेक्शनचं आहे, भरपूर आराम करा, आडव्या पडून राहा," असं उत्तर आलं. तसं डोकं दुखतं, हे अगदी खरं. कमरेत सुई घातल्यावर मणक्यातलं पाणी थोडं झिरपतं, मग उठून बसलं की डोकं फुटायची वेळ येते आणि आडवं पडलं की उतार पडतो. माझं नेमकं उलट होतं. आडवं पडलं की वाढायचं, भिंतीला टेकून बसलं की जरा सोसवायचं. हे मी कोणालाच सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. आणि सांगण्यासारखं आहे हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी तपासून झोप आणि रक्त कमी असल्याचं सांगितलं. तेही खोटं नव्हतं. माझं हिमोग्लोबिन 8 होतं आणि पोरगी रात्रभर जागवत होती. आजी म्हणाली, "अंगात वारो शिरलो." काकींनी बाधेची शंका काढली, मग बाबांनी देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं आणि नारळ ठेवला. बाराव्या दिवशी वाकलं की डोळ्यांपुढे राखाडी धुरकट यायला लागलं. अशा वेळी बारशाची तयारी कोण करणार? ते पुढे ढकललं.

तेराव्या दिवसाची संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. मुलीला झबलं घालत होते. पाठीवर बंद बांधायचे असतात तसलं जुनं मलमलचं झबलं. डाव्या हाताने एक बंद धरला, उजव्या हाताने दुसरा. उजव्या बोटांत बंद होता, मला तो दिसत होता, पण त्याची गाठ होईना. बोटं आपली नव्हेत अशी लुळी. तीनदा बंद निसटला. आईला हाक मारून सांगायला गेले आणि तोंडातून आलं, "आई, हिची वही बांध ना." मला झबलं म्हणायचं होतं. शब्द समोर होता आणि हाताला लागत नव्हता. मी मराठी शिकवते. मुलांना समानार्थी शब्द पाठ करायला लावते. त्या संध्याकाळी एका झबल्याचं नाव मला आठवेना. आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत मला दिसलं की तिला वाटतंय, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

चौदाव्या दिवशी आशाताई बाळाचं वजन करायला आल्या. घरी गेलेल्या बाळाला ठरलेल्या दिवशी बघायला यायचं, हे त्यांचं काम. वजन झालं, नाळ बघून झाली, मग त्यांनी मला फॉर्मवर सही करायला सांगितली. पेन माझ्या हातातून गळून पडलं. त्यांनी ते उचललं नाही. माझा उजवा हात हातात घेतला, म्हणाल्या, "माझी बोटं दाब." मग डावा घेतला. मग विचारलं, "डोकं दुखतं का? आडवं पडल्यावर बरं वाटतं, की जास्त होतं?"

चार दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला होता. मी म्हटलं, जास्त होतं. त्यांनी उत्तरादाखल 108 ला फोन लावला.

कुडाळच्या अलीकडे रुग्णवाहिकेत उजवा हात आपोआप उडायला लागला आणि नंतरचं मला आठवत नाही. झटका आला होता. सावंतवाडी, बांदा करत बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात पोचायला तीन तास लागले. आमच्या भागात मोठं दुखणं म्हणजे बांबोळी, हे तुम्हाला सांगायला नको. तिथे एमआरआय केला, आणि त्यातच शिरांचा वेगळा फोटो काढतात तो, एमआर व्हेनोग्राम. साध्या सीटी स्कॅनमध्ये हा आजार कधीकधी दिसतच नाही, म्हणून शिरांचा फोटो महत्त्वाचा. मेंदूतलं रक्त परत हृदयाकडे नेणारी एक मोठी शीर डोक्याच्या मधोमध पुढून मागे जाते. तिच्यात गुठळी होती. वैद्यकात याला सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस म्हणतात.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना समजावलं ते बाबांनी मला आमच्या भाषेत सांगितलं. उन्हाळ्यात आपल्या व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, तोंड वाळूने बुजतं. पहिला मोठा पाऊस झाला की वरून पाणी येत राहतं, समुद्राकडे जायला वाट नसते, मग ते मागे तुंबतं आणि माडांच्या मुळाशी, कोणाच्या अंगणात शिरतं. डोक्यात तेच झालं होतं. रक्त येत होतं, जायची वाट बंद. म्हणून दाब, म्हणून डोकेदुखी, म्हणूनच आडवं पडल्यावर जास्त. तुंबल्यामुळे डावीकडे थोडा रक्तस्रावही झाला होता. उजवा हात आणि शब्द, दोन्हींचा कारभार तिथूनच चालतो.

आणि उपाय काय, तर रक्त पातळ करणारं हेपॅरिन! मेंदूत रक्तस्राव झालेला असताना रक्त पातळ करायचं, हे ऐकून माझ्या नवऱ्याने सही करायला नकार दिला. डॉक्टरीणबाई त्यांच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, गुठळी तशीच राहिली तर तुंबणं वाढेल आणि रक्तस्रावही वाढेल, तोंड मोकळं करायलाच हवं. मग सही झाली.

बाळंतपणातच हे का? गरोदरपणात शरीर रक्त गोठण्याची ताकद वाढवून ठेवतं, प्रसूतीच्या वेळी बाई रक्त जाऊन दगावू नये म्हणून. ती वाढ बाळ झाल्यावर लगेच ओसरत नाही, साधारण सहा आठवडे तरी राहते. त्यात सिझेरियन, त्यात रक्त कमी, त्यात अंगातलं पाणी आटलेलं. पाणी कमी प्यायले म्हणूनच गुठळी झाली, असं मला कोणी सांगितलं नाही. पण बाळंतिणीचं पाणी तोडण्याची आपल्याकडची पद्धत या आजाराला हातभार लावते, असं तिथे स्पष्ट सांगितलं.

पुढे बरी झाल्यावर मी वाचत बसले. मद्रासच्या डॉ. के. श्रीनिवासन यांनी गरोदर आणि बाळंतीण बायकांच्या मेंदूतल्या गुठळ्यांवर 135 रुग्णांचा अभ्यास 1983 साली छापला होता. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेतल्या डॉक्टरांनी बाळंतिणींना हेपॅरिनचा काय फायदा होतो ते 1999 साली मांडलं होतं. म्हणजे ज्याला गावात "काहीतरी विचित्र झालं तिला" म्हणत होते, ते माझ्या जन्माआधीपासूनच आपल्याच देशात लिहून ठेवलेलं होतं. ते वाचून मी रडले. संताप होता, आणि सुटल्यासारखंही वाटलं. मला वेड लागलं नव्हतं.

हात दीड महिन्यात परत आला. शब्द जुळून यायला गणपती गेले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सहा महिने घेतल्या. त्यासाठी दर थोड्या दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते, तपासायला मालवणला जावं लागे. मुलीला दूध पाजणं मात्र थांबलं नाही, डॉक्टरांनीच चालू ठेवायला सांगितलं.

तुमच्यापैकी कोणी विचारतात, माझ्या सुनेचं बोट बधिर होतं, ते हेच का? बहुतेक वेळा नाही. अंगठ्याकडची बोटं रात्री बधिर होणं मनगटात नस दाबल्याने होतं आणि बरंही होतं. चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणंही याच काळात जास्त दिसतं. अवघड प्रसूतीनंतर पाऊल उचलत नाही, असंही होतं. ही सगळी डॉक्टरांना दाखवायची दुखणी आहेत. पण नवी, वाढत जाणारी डोकेदुखी, तिच्याबरोबर उलटी, धूसर दिसणं, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं किंवा झटका, यांतलं काही असेल तर त्याच दिवशी निघा. आणि निघण्याआधी ब्लड प्रेशर मोजून घ्या. बाळंत झाल्यावर सहा आठवड्यांपर्यंत ते अचानक चढू शकतं आणि त्यानेही झटके येतात. गरोदरपणात कधीच वाढलं नव्हतं, या भरवशावर राहू नका. शेक, धुरी, देवाला नारळ, जे करायचं ते करा, पण त्यासाठी गाडी थांबवू नका.

दुसऱ्याच्या वेळी भीती वाटली नाही का, हेही विचारता. वाटली. चार वर्षं मी दुसऱ्या मुलाचं नाव काढलं नाही. मग डॉक्टरांना विचारूनच दिवस राहू दिले. गरोदरपणभर आणि बाळ झाल्यावर सहा आठवडे रोज एक हेपॅरिनचं इंजेक्शन, पोटाच्या कातडीखाली, माझं मीच घ्यायचे. पोटावर निळे डाग पडायचे. इस्ट्रोजेन असलेल्या पाळणा लांबवायच्या गोळ्या मला जन्मभर वर्ज्य आहेत, तेही तेव्हाच नीट समजावून घेतलं.

मुलगा झाला आणि पुन्हा त्याच खोलीत आले. बाज तीच होती. उशाशी फुलपात्राऐवजी तांब्याची कळशी होती, झाकण घातलेली. आजीचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे गेलं होतं, कळशी तिला उचलवत नव्हती, म्हणून ती आईकडून भरून घ्यायची. रात्री मुलगा उठला की तीही काठी टेकत उठायची, दारात उभी राहायची आणि अंधारातच विचारायची, "गो बाये, आडवा पडल्यार बरा वाटता मा?"