एक शब्द जास्तीचा

मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५. म्हणजे खरं तर बुधवारच, पावणेदोन वाजलेत.

झोप येत नाही. मसाला दुधावर ढकलावं, तर ते पिऊन चोवीस तास होऊन गेले.

जे बोचतंय ते इतकं बारीक आहे की कुणाला सांगायला जावं तर "एवढंच?" म्हणतील. धाकटीला फोनवर सांगितलं, ती हेच म्हणाली. वर तिला भाजी टाकायची होती. म्हणून वही.

काल कोजागिरीला सोसायटीनं बाबांचा सत्कार केला. ही टूम कुठून निघाली ते उघड आहे. २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ या फायटर विमानाला निरोप दिला. १९६३ पासून उडत होतं ते. दोन-तीन दिवस टीव्हीवर दुसरं काही नव्हतं, आणि कुणाला तरी आठवलं की आपल्या सी विंगमध्ये एक एअर फोर्सवाले आजोबा राहतात. सेक्रेटरींचा मेसेज आला, "काकांची माहिती चार ओळींत द्या." मी चारच ओळी दिल्या. सातारची सैनिक शाळा, मग एनडीए. १९७६ ला कमिशन. ट्रान्सपोर्ट पायलट, आधी एएन-१२, नंतर एएन-३२. निवृत्तीनंतर पुण्यात वास्तव्य, बागकामाची आवड.

ट्रान्सपोर्ट पायलट असंच लिहिलं होतं. आत्ता परत मोबाईल उघडून बघितलं.

माईकवर आलं ते असं: "मिग-२१ सारखी विमानं लीलया उडवणारे, आपल्या सोसायटीचं भूषण, फायटर पायलट..." टाळ्या. शाल, श्रीफळ, आणि जाड पुठ्ठ्यावर छापलेलं मानपत्र. पोरांनी शिट्ट्या मारल्या. चंद्र पाण्याच्या टाकीमागे अडकला होता. मी तिसऱ्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत, हातात गरम ग्लास. काही बोलले नाही.

बाबाही बोलले नाहीत. माईक हातात दिला तर "धन्यवाद, दूध घ्या सगळ्यांनी" म्हणाले आणि खाली बसले.

हे बाबा! ज्यांनी आयुष्यभर समोरच्याचं वाक्य दुरुस्त केल्याशिवाय पुढचा घास घेतला नाही. लेह दहा हजार फुटांवर आहे असं कुणी म्हणालं की "१०,६८२." कुणी "वरून सामान फेकायचात ना?" म्हणालं की "फेकत नाहीत. सोडतात." ४ जून १९८७ ला पाच एएन-३२ विमानांनी श्रीलंकेत जाफन्यावर रसद सोडली होती. ही गोष्ट कुठं निघाली आणि कुणी कौतुकानं त्यांच्याकडं बघितलं, की लगेच हात वर. "मी नव्हतो त्यात. मी तेव्हा रजेवर होतो, दाढ काढायला आलो होतो पुण्यात." दाढेचा तपशीलसुद्धा गाळत नाहीत. अर्थात त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येतंच: "पण लक्षात ठेवा, त्या दिवशी मिराजवाले, फायटरवाले, आमच्या ट्रकांची राखण करायला आले होते."

तो माणूस काल "धन्यवाद" म्हणून बसला.

आणि मी? ते लिहायचं टाळतेय. मला बरं वाटलं. तो शब्द ऐकला आणि पाठ आपोआप ताठ झाली. शेजारच्या काकूंनी "अगंबाई, कधी बोलली नाहीस!" म्हणून मांडीवर थाप मारली, तर मी नुसती हसले. चव्वेचाळीस वर्षांची घोडी.

चौथीत हेच केलं होतं. १९९० साल. बाबा चंदीगडला, आम्ही तिघी पुण्यात आजीकडं, का ते आता उगाळण्यात अर्थ नाही. लोहगावच्या विमानतळावर मिग-२९ येऊन तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. एखादं शाळेवरून गेलं की बाई अर्ध्या शब्दावर थांबायच्या, खडू फळ्यावर तसाच टेकवून, आणि आख्खा वर्ग माझ्याकडं बघायचा. तुझे बाबा का गं? एकदा मान हलवली. मग दुसऱ्यांदा हलवावीच लागली. मग 'माझे वडील' हा निबंध आला आणि मी बाबांना सरळ मिगमध्ये बसवून टाकलं. आवाजाच्या पुढं वगैरे. बाईंनी लाल पेनानं 'छान' लिहिलं आणि शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या. चौथी चूक त्यांना कशी दिसणार?

पण खरं काय लिहिणार होते मी? की माझे बाबा बोकडं नेतात?

नेतच होते. रस्ता बर्फानं बंद झाला की लेहला आणि लेहच्याही पलीकडं पीठ, डाळ, रॉकेलचे जेरीकॅन, औषधं, टपाल. आणि जिवंत बोकडं, तिकडच्या जवानांना ताजं मटण मिळावं म्हणून. बाबा रजेवर आले की किटबॅगेला रॉकेल आणि बोकड असा मिळून एक वास यायचा. आजी ती बॅग गॅलरीतून आत येऊ द्यायची नाही. बाबांना आत घ्यायची, पण आंघोळ झाल्यावर.

लॉगबुक काढून बसले मघाशी. निळ्या शाईत पानंच्या पानं तेच. चंदीगड-लेह-चंदीगड. पुढच्या ओळीत परत चंदीगड-लेह-चंदीगड. कामाच्या रकान्यात 'एअर मेंटेनन्स'. कितीतरी वर्षं मला वाटायचं की बाबा विमानं दुरुस्त करतात, अधूनमधून चक्कर मारून आणतात. रसद पोचवण्याला त्यांच्यात तसं म्हणतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

एकदा साबुदाण्याची खिचडी खाताना त्यांनी लेह ताटलीत दाखवलं होतं. चमचा म्हणजे धावपट्टी, लिंबाची फोड म्हणजे डोंगर. "हे बघ, इकडून उतरायचं, आणि उठायचं ते उलट्या दिशेनं, आलो तिकडंच तोंड करून. पुढं लिंबू आहे." आणि हे सगळं ऊन चढायच्या आत. म्हणून रात्री अडीचला उठायचं, उजाडता उजाडता पोचायचं, सामान उतरवायचं आणि निघायचं. ऊन चढलं की खोऱ्यात वारं सुटतं, आणि तिथली हवा आधीच विरळ, ती तापली की आणखी पातळ होते. "पंखाला धरायला काही राहत नाही गं." हे सांगताना त्यांचा हात ताटलीवर तरंगत होता, बोटांना दाण्याचं कूट चिकटलेलं.

जिथं उतरायला जागाच नाही तिथं वरून सोडायचं. पीठ-डाळीला पॅराशूटचे लाड नाहीत. पोत्यात पोतं घालायचं, आतलं फाटलं तरी बाहेरचं धरून ठेवतं. मागचा रॅम्प उघडा, थंडी आत घुसलेली, इशारा झाला की मागची माणसं सगळा लोड ढकलून देणार. वेळ किती, तर दोन-चार सेकंद. तेवढ्यात ढकललं नाही तर पोतं पलीकडच्या दरीत, आणि मग विमान त्या अरुंद जागेत वळवून आणायचं परत. "पोतं चुकलं की खालची पोरं कंबरभर बर्फातून शोधायला जातात. म्हणून चुकायचं नाही." याच्या पुढं ते कधी गेले नाहीत. कुणी गेलं का शोधायला, परत आलं का, हे मी विचारलं नाही.

त्यांना फायटर हवं होतं का, हेही मी कधी विचारलं नाही. डुंडीगलला, एअर फोर्सच्या अकादमीत, याद्या लागतात तेव्हा कुणाला काय मिळतं, कोण रडतं, कोण पार्टी देतं... आईला एकदा विचारलं होतं. तिनं मला कोथिंबीर निवडायला दिली.

आता जरा रडून घेते. वहीच आहे. मला वडील वर्षातून दोन महिने मिळाले, तेही हप्त्याहप्त्यानं. गॅदरिंगला नाहीत. दहावीच्या निकालाला नाहीत. पाचवीत टायफॉइड झाला तेव्हा पत्र आलं, त्यात 'पाणी उकळून पी' असं लिहिलेलं, आणि पोचलं तेव्हा मी शाळेत जायला लागले होते. सगळ्या जगाला वेळेवर टपाल टाकणारा माणूस! बरं, आमच्या वाटचं जे तिकडं गेलं ते ज्या कामापायी गेलं, त्याचं निदान नाव तरी बरोबर घ्या. काल टाळ्या पडल्या त्या दुसऱ्याच कुणालातरी. शाल बाबांच्या खांद्यावर, टाळ्या दुसऱ्याला. आणि त्यात मीही वाजवल्या.

२०१९ च्या जूनमध्ये जोरहाटहून मेचुकाला निघालेलं एएन-३२ दिसेनासं झालं होतं. १३ जण. सापडायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस बाबा टीव्हीचा आवाज बंद करून बसायचे. अरुणाचलचा नकाशा आला की खुर्चीत पुढं सरकायचे, गेला की मागं. डोंगरावर तुकडे दिसले अशी बातमी आली, तेव्हा उठले आणि आंघोळीला गेले. संध्याकाळचे सहा वाजले असतील. गीझर लावू का, मी विचारलं, तर नको म्हणाले. गेल्या वर्षी १९६८ सालच्या एएन-१२ मधले आणखी चार जण लाहौलच्या बर्फात सापडले, छप्पन्न वर्षांनी. १०२ जण होते त्यात. आई असती तर तिनं त्या दिवशीचा पेपर लपवला असता. मला नाही सुचलं.

जाऊ दे. समजा मी काल उभी राहिले असते. "एक मिनिट, माझे बाबा फायटरवाले नव्हते, ते पीठ न्यायचे." समोर शंभर माणसं, गार होत चाललेलं दूध, सेक्रेटरींचा उतरलेला चेहरा. वर कुणीतरी म्हणालं असतं, "असू दे हो, एअर फोर्स ते एअर फोर्स." आणि सत्काराच्या जागी माझीच गोष्ट झाली असती. मला ओळखणारे म्हणाले असते, गेली बापावर.

कदाचित त्यांना ऐकूच आलं नसेल. विमानाच्या पंख्यांच्या त्या आवाजात इतकी वर्षं बसून बारीक आवाज गेलेच आहेत त्यांचे. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, नातीचा लाडिक आवाज, सगळं गेलं. कानातलं यंत्र काल लावलं होतं की नाही? शाल घालताना सेक्रेटरींचा हात तिथंच होता, मला दिसलं नाही. ऐकू आलं नसेल तर प्रश्न मिटला. ऐकू आलं असेल, आणि माझ्यासारखंच बरं वाटलं असेल, तर...

तर वाटू दे की. सत्तराव्या वर्षी एक संध्याकाळ. कुणाचं काय जातंय?

पण ते तसे नाहीत. हेच तर. अडीच वाजले.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज विचारलं. सकाळी ते कुंड्यांशी होते. मानपत्राचा पुठ्ठा तुळशीच्या कुंडीखाली, ओल लागू नये म्हणून. छापील बाजू खाली. यावरून काही ठरवायचं नाही असं मी ठरवलं, कारण गेल्या वर्षीचं कॅलेंडरही मोगऱ्याखाली आहे.

आधी कानात यंत्र आहे का बघितलं. होतं.

"बाबा, कोजागिरीला ते तुम्हाला फायटर पायलट म्हणाले."

"ऐकलं ना."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी खुरपं पुसलं. मला वाटलं आता १०,६८२ सारखं काहीतरी येणार.

"तू लिहून दिलं होतंस ना? चारचौघांत तुला कशाला खोटं पाडायचं?"

"मी? मी कशाला असं लिहीन?"

"चौथीत लिहिलं होतंस."

मी तिथंच कट्ट्यावर बसले. पस्तीस वर्षं. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं मी. म्हणाले, रजेवर आलो होतो, पालकसभेला तुझ्या आईनं मला पाठवलं. बाई खूश होत्या. मिग-२९ कसं असतं हो, म्हणून विचारायला लागल्या.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, चांगलं आहे विमान."

खोटं नाही. चांगलंच आहे ते विमान.

"पण बाबा, या वेळी मी नाही लिहिलं. खरंच. हे बघा." मोबाईल काढला, मेसेज शोधला, चार ओळी त्यांच्यासमोर धरल्या. ट्रान्सपोर्ट, अगदी स्पष्ट. चष्मा आत टेबलावर होता. "थांबा, आणते," म्हटलं.

"राहू दे गं. बरं, नाही लिहिलंस," म्हणाले, आणि कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं.