दात कुठून आणलेस?

सातवीत ग्रंथालयाच्या तासाला पुठ्ठा सुटलेल्या, डायनोसॉरांवरच्या एका पुस्तकात मला दोन हात सापडले. नुसते हात. प्रत्येकी सुमारे २.४ मीटर लांब, तीन बोटं आणि टोकाला आकड्यासारखी नखं. मालकाचा पत्ता नाही! १९६५ साली मंगोलियातल्या गोबी वाळवंटात पोलंडच्या जीवाश्मशास्त्रज्ञ झोफिया किएलान-यावोरोव्हस्का यांना ते मिळाले. नाव ठेवलं डायनोकायरस, म्हणजे भयंकर हात.

टी-रेक्सची कवटी, दात, सगळं पुस्तकात होतं. त्याचं मला फारसं काही वाटेना. या बिनधडाच्या हातांनी मात्र झोप उडवली. वर्गात मला 'डायनोबा' म्हणायचे, तो काळ हाच.

मी वहीत उरलेला प्राणी काढला. अर्थातच अक्राळविक्राळ, जबडाभर सुळे. विज्ञानाच्या बाईंनी वही पाहिली. ओरडल्या नाहीत.
"हे दात कुठून आणलेस?"
"मनानं, बाई."
"मग मनातलं पेन्सिलीनं काढ. सापडलंय तेवढंच शाईनं."

त्या दिवशी हात शाईनं गिरवले, बाकी सगळं पेन्सिलीत राहिलं. पुढे शाळा सुटली, मी हिशेबाच्या कामाला लागलो, पण वही टाकवली नाही.

२०१४ मध्ये बातमी आली. आणखी दोन सांगाडे मिळाले होते. त्यातल्या एकाची कवटी आणि पाय चोरांनी आधीच पळवलेले. ते युरोपातल्या एका खासगी संग्रहात सापडले आणि मंगोलियाला परत मिळाले. आता प्राणी जवळजवळ पूर्ण झाला. लांबी सुमारे ११ मीटर, पाठीवर उंच मदार, तोंड बदकासारखं चपटं. पोटाच्या जागी हजाराहून जास्त गुळगुळीत खडे आणि माशांचे अवशेष. खडे अन्न दळायला, कारण तोंडात एकही दात नव्हता. दातांच्या खुणा होत्या त्या वेगळ्याच: १९६५ च्या जागी पुन्हा खणल्यावर मिळालेल्या पोटाकडच्या फासळ्यांवर, बहुधा टार्बोसॉरसनं, म्हणजे टी-रेक्सच्या नात्यातल्या मांसाहारी डायनोसॉरनं चावलेल्या. म्हणजे माझा राक्षस स्वतःच कुणाचं तरी जेवण झाला होता. मेल्यावर की आधी, कुणास ठाऊक.

त्या रात्री वही काढली. सुळे खोडरबरानं सहज गेले, चोचही जमली. मदार मात्र काढता येईना. डोकं मी पानाच्या अगदी वरच्या कडेला नेऊन ठेवलं होतं.