पीत नाहीस, मग जातेस कशाला?

आमच्या सिनसिनाटीच्या मंडळात दर गणपतीला कुणीतरी मला हे विचारतंच. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना गाडीत घालून नदीपलीकडे केंटकीत नेते आणि बर्बनची, म्हणजे मक्यापासूनच्या अमेरिकन व्हिस्कीची, एखादी डिस्टिलरी दाखवते. स्वतः मात्र थेंब घेत नाही. तत्त्व-बित्त्व काही नाही, चव आवडत नाही एवढंच. मग दारूचा कारखाना बघायला जातेस कशाला? आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

पहिलं कारण फालतू आहे. परतताना गाडी चालवायला कुणीतरी शुद्धीवर लागतं. दुसऱ्यासाठी मात्र कुडाळच्या मामांची गोष्ट सांगावी लागेल.

२०१८ च्या मे महिन्यात मामा-मामी आमच्याकडे आले होते. नायगारा झाला, दोन मॉल झाले, आणि मामा गॅलरीत बसून उसासे टाकायला लागले. "गो, हयसर बगण्यासारख्यां आणखी काय आसा?" म्हणून केंटकीतल्या लोरेटोला, मेकर्स मार्क नावाच्या बर्बनच्या डिस्टिलरीत निघालो. घरापासून अडीचेक तास. शेवटचा रस्ता अरुंद, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना नुकता रुजलेला मका आणि निवांत गाई. मेकर्स मार्कच्या इमारती काळ्या रंगाच्या, खिडक्यांची दारं लालभडक. गाडीचं दार उघडलं आणि मामा तिथेच थांबले. शिजलेल्या धान्याचा, जरा आंबूस वास. "भट्टी लागली हा!"

मामांच्या वाडीत काजूच्या दारूची भट्टी लागायची. परवान्याचं विचारू नका. लहानपणी आम्हां मुलांना तिकडे फिरकायची बंदी होती, त्यामुळे बोंडूंचा वास तेवढा आम्हाला ठाऊक, आतलं काही नाही. माझं ते आतलं बघायचं राहिलेलं कुतूहल केंटकीत तिकीट काढून फिटलं.

आत सायप्रसच्या लाकडी टाक्या होत्या, माणूस बुडेल एवढ्या खोल. पिवळसर पेज, आणि तिला रटरट उकळी फुटलेली. खाली जाळ नाही, काही नाही. दळलेला मका, गहू आणि मोड आणून वाळवलेलं सातू शिजवायचं, निवलं की यीस्ट घालायचं. साखर खाता खाता यीस्ट वायू सोडतं, त्याची ही उकळी. वर हात धरला तर ऊब लागत होती. गाईड बाई म्हणाल्या, बोट बुडवून चाखा. पहिली टाकी आदल्याच दिवशी भरलेली, चव मक्याच्या गोड खिरीची. शेवटची तीन दिवसांची. तिच्यातला गोडवा पार गेलेला, आंबट, जिभेला चरचरणारी, उतरलेल्या आंबिलीसारखी. ही तीन-चार बोटं माझ्या नावावर पिणं म्हणून लिहायची तर लिहा.

'सावर मॅश' हा शब्द बाटल्यांवर वाचला होता. आधीच्या घाण्यातलं थोडं आंबट पाणी पुढच्या घाण्यात घालतात असं कळल्यावर मी मोठ्या हुशारीनं म्हटलं, म्हणजे विरजण! बाई हसल्या. ते पाणी भट्टीतून उकळून आलेलं, त्यात जिवंत काही उरत नाही. आंबटपणा तेवढा कामाचा, नको ते जंतू वाढत नाहीत. म्हणजे विरजणाचं काम यीस्टचं, आणि हे पाणी आमसुलाच्या जागी. हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो चार पेग घेणाऱ्याला होत असेल का, शंकाच आहे.

पुढे तांब्याची चकचकीत यंत्रं. दारू दोनदा गाळतात म्हटल्यावर मामांनी लगेच हिशेब लावला, पहिल्या धारेचा हुर्राक, दुसऱ्या धारेची फेणी. ढोबळ मानाने बरोबरच होतं. बाहेर पडते ती दारूही फेणीसारखीच, पाण्यासारखी स्वच्छ.

मामांची भट्टी इथे संपते. बर्बनची निम्मी गोष्ट इथून पुढे आहे.

कायदा सांगतो की धान्यात मका किमान ५१ टक्के हवा, आणि दारू आतून जाळून कोळसा केलेल्या, कोऱ्या करकरीत ओकच्या पिंपात मुरायला हवी. पाण्याखेरीज वरून काहीही घालायचं नाही, रंगसुद्धा नाही. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसने बर्बन ही खास अमेरिकेची चीज असल्याचा ठरावच केला. ती केंटकीतच व्हायला हवी असं मात्र नाही, हे इथल्या लोकांना फारसं सांगायला आवडत नाही.

गोदामाला इथे रिकहाउस म्हणतात. मजल्यावर मजले, लाकडी घोडे, त्यावर आडवी पिंपं, प्रत्येकात सुमारे दोनशे लिटर. ना पंखा ना एसी. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत आकसून बाहेर येते, आणि येताना लाकडातला रंग, व्हॅनिलासारखा वास, करपलेल्या साखरेची चव घेऊन येते. वरच्या मजल्यावर उकाडा जास्त म्हणून तिथली लवकर मुरते. मेकर्समध्ये यावर उपाय म्हणून पिंपं वरून खाली हलवतात. अंधारात त्या रांगांमधून चालताना लोणच्याच्या बरण्यांच्या खोलीची आठवण होते. इथेही कुणी मोठ्याने बोलत नाही.

मुरता मुरता दरवर्षी काही टक्के दारू उडून जाते. त्याला म्हणतात देवदूतांचा वाटा. मामा कळवळले, "देवाक इतक्यां? आनि आमका?" पण तो वाटा देवदूतांच्या आधी एक बुरशी खाते. बॉडोइनिया तिचं नाव, फ्रान्सच्या कोन्याकमध्ये पहिल्यांदा नोंदली गेलेली. गोदामांच्या आसपासची झाडं, कुंपणं, पाट्या तिच्यामुळे काजळी धरल्यासारख्या काळ्या होतात. मी एका खोडावरून बोट फिरवलं, तवा पुसल्यासारखं झालं. शेजारी राहणारे लोक घराच्या भिंती घासून घासून वैतागतात, कोर्टातही गेलेत. टूरमध्ये याबद्दल फार बोलत नाहीत. गुप्त कृती आणि खापरपणजोबांच्या गोष्टी मात्र प्रत्येक डिस्टिलरीत असतात. त्या मी एका कानाने ऐकते.

केंटकीची वस्ती साधारण ४५ लाख, आणि मुरत पडलेली पिंपं एक कोटीहून जास्त. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही, मग ती जगभर विकली जातात. स्कॉटलंडला जातात, आणि गोव्यात पॉल जॉनची व्हिस्कीही अशाच पिंपांत मुरते. हे ऐकल्यावर मामांना केंटकी अचानक सावंतवाडीच्या पलीकडे असल्यासारखं वाटू लागलं.

शेवटी चाखायची खोली. इवलेसे ग्लास, गंभीर चेहरे. मी फक्त वास घेतला. गूळ करपायच्या बेतात असतो तेव्हाचा वास. मग ग्लास मामांकडे सरकवले. मामी डोळे वटारून बघत होत्या, त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दुकानात बाटली घेतली की तिचं तोंड आपल्या हाताने लाल मेणात बुडवू देतात. ही कल्पना मूळ मालकांच्या पत्नीची, मार्जी सॅम्युअल्स यांची, तीही घरच्या स्वयंपाकघरात सुचलेली. पोस्टाच्या पार्सलला लाख लावायचे ना, तसंच दिसतं. मामांचा हात थरथरत होता म्हणून बाटली मी बुडवली. उलटी धरून बुडवायची, गर्रकन फिरवून सुलट करायची, की ओघळ खाली उतरतात.

ती बाटली आज कुडाळला शोकेसमध्ये आहे, लग्नाच्या फोटोशेजारी. मामा उघडू म्हणतात, मामी उघडू देत नाहीत, मेण तुटेल म्हणून. व्हिडिओ कॉलवर अधूनमधून दिसते. एक ओघळ वाकडा आलाय, लेबलापर्यंत.