गच्चीवरचा शंकू: नोव्हेंबर ते जून

नोव्हेंबरात गच्चीवर शंकू, म्हणजे दुपारची सावली मोजायचा खांब, उभा केला, त्याची ही पहिली सविस्तर नोंद. माझ्याकडे दुर्बीण नाही. इंदूरच्या आकाशात रात्री जे दिसतं त्यापेक्षा दुपारी जे पडतं, त्यातून मला जास्त शिकायला मिळालं.

रचना साधी आहे. एक लोखंडी अँगल, त्याच्या वर वीतभर बाहेर काढलेली पत्र्याची पट्टी आणि पट्टीला दाभणाने पाडलेलं भोक. भोक जमिनीपासून बरोबर एक मीटरवर. भोकातून ओळंबा सोडला (आमचे मिस्त्री त्याला साहुल म्हणतात) की पायथ्याचा बिंदू मिळतो. आधी नुसती काठी लावली होती, पण तिच्या टोकाची सावली धूसर पडते. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे मीटरभर अंतरावर सावलीची कड सेंटिमीटरभर विरून जाते. नेमकं कुठे मोजायचं? भोकातून मात्र कवडसा पडतो. तो म्हणजे सूर्याचं चित्रच, मीटरभर अंतरावर साधारण नऊ मिलिमीटरचं. कवडशाचा मध्य पेन्सिलीने बिनचूक टिपता येतो, आणि सूर्याकडे डोळे वर करावे लागत नाहीत.

३ नोव्हेंबर. बारापासून दर दोन मिनिटांनी खूण केली. पायथ्यापासून सर्वांत जवळची खूण १२ वाजून १० मिनिटांची.

११ फेब्रुवारी. तेच काम, तीच जागा. सर्वांत जवळची खूण १२:४१ ची! मोबाइलचं घड्याळ दोनदा तपासलं. सूर्याची मध्यान्ह तीन महिन्यांत अर्ध्या तासाने सरकली होती.

मध्यान्ह बाराला येत नाही, यातला कायमचा भाग इंदूरचा आहे. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर चालतात आणि इंदूर ७५.८६ वर आहे. अंशाला चार मिनिटं या हिशेबाने आपली मध्यान्ह सरासरी साडेबाराच्या जरा आधी, १२:२६ च्या पुढे येते. त्या सरासरीच्या मागेपुढे जे होतं ते पृथ्वीचं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्यापासून १४.७ कोटी किलोमीटरवर असते, जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटींवर. जवळ असताना ती वेगाने पळते, म्हणून एक फेरी स्वतःभोवती झाली तरी सूर्य पुन्हा डोक्यावर यायला तिला थोडं जास्त वळावं लागतं. त्यात आसाच्या कलाचा हिशेब वेगळा. दोन्ही अयनांच्या (२१ जून आणि २१ डिसेंबरच्या) सुमारास सूर्याची तारकांमधली चाल जवळजवळ पूर्ण पूर्वेकडे असते, विषुवांच्या (मार्च-सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसांच्या) सुमारास तिचा काही भाग उत्तर-दक्षिण जाण्यात खर्च होतो. डिसेंबरात हे दोन्ही हिशेब एकाच बाजूला पडतात, आणि एका मध्यान्हीपासून दुसरीपर्यंत २४ तासांवर सुमारे तीस सेकंद जास्त लागतात. तीस सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ते रोज साठतात. माझी ती ३१ मिनिटं अशा रोज साठलेल्या सेकंदांचीच आहेत.

मंगळाचा कल आपल्यासारखाच, २५ अंश, पण कक्षा आपल्यापेक्षा बरीच लांबट. तिथे हाच फरक पाऊण तासाच्याही पुढे जातो. २००४ साली तिथे उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्यांवर कॅमेऱ्याचे रंग जुळवण्यासाठी जी तबकडी होती, ती सावलीचं घड्याळ म्हणूनच घडवली होती. मंगळावरही कोणीतरी शंकू रोवला, याचं मला फार अप्रूप आहे.

२१ डिसेंबर (ही नोंद मुद्दाम नंतर घेते). कवडसा १०५.२ सेंटिमीटरवर. सूर्याचा डोक्यावरच्या बिंदूपासूनचा कोन निघाला ४६.४५ अंश, त्यातून सूर्याची दक्षिण क्रांती (सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश दक्षिणेला आहे ते) २३.४४ वजा केली तर अक्षांश २३.०१. इंदूर आहे २२.७२ वर. २३ च्या आसपास देवास येतं! आठवडाभर चूक सापडेना. भोकाची उंची बरोबर, फूटपट्टी बरोबर. शेवटी आईने गच्ची धुतली तेव्हा पाणी उत्तरेच्या पाइपाकडे वाहताना पाहिलं आणि लख्ख उजेड पडला. गच्चीला ढाळ असतोच की. मिस्त्रींकडून पाणी भरायची पारदर्शक नळी आणली आणि लेव्हल काढली: दोन मीटरला दोन सेंटिमीटर उतार, तोही उत्तरेकडे, म्हणजे नेमका कवडसा पळतो त्या दिशेला. हिशेबात तो उतार घेतल्यावर १०५.२ चे १०४.१ झाले आणि कोन ४६.१५.

ज्यांना शंकू लावायचा आहे त्यांनी आधी पाण्याची नळी आणावी, मग बाकी सगळं. सावली लांब असते तेव्हा उतार जास्त फसवतो. मार्चमध्ये तीच चूक दोन मिलिमीटरच्या आत राहिली असती आणि मला कधी कळलीच नसती. जानेवारीत तीन स्क्रूंवर कोटा स्टोनची लादी बसवली, तेव्हापासून मोजमाप तिच्यावर.

२० मार्च. ४२.२ सेंटिमीटर. विषुवाचा क्षण रात्री आठनंतर होता, म्हणून दुपारची क्रांती अजून ०.१३ अंश दक्षिण. अक्षांश २२.७५. तीनेक किलोमीटरची चूक, चालेल. जुन्या ज्योतिर्गणितात विषुवदिनी बारा अंगुलांच्या शंकूची मध्यान्हीची सावली म्हणजे त्या गावाची पलभा. इंदूरची ती जवळजवळ बरोबर पाच अंगुलं येते. पंचांगात हा शब्द लहानपणापासून पाहत होते, अर्थ गच्चीवर कळला. उज्जैनच्या वेधशाळेतही शंकुयंत्र आहे. सवाई जयसिंगांची ती वेधशाळा, १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला.

एप्रिल-मे कुरडयांचे. आईने विचारलं, "तुझी ती लादी हलवू का गं जरा?" हलवू नकोस म्हटलं, तर तिने साडीभर कुरडया लादीच्या कडेकडेने मांडल्या आणि मधे हातभर वाट सोडली.

७ जून. शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर. १२:२५ च्या सुमारास कवडसा ओळंब्याच्या दोरीला भिडला आणि टोकाशी येऊन बसला. आई, शेजारच्या काकू, त्यांची नात, सगळ्या आपापली सावली शोधत उभ्या होत्या.

२१ जून. मला खरी वाट याची होती. कर्कवृत्त इंदूरच्या उत्तरेला आहे, म्हणून या दिवसांत सूर्य डोक्यावरून पलीकडे, उत्तरेला जातो आणि कवडसा पायथ्याच्या दक्षिणेला पडायला हवा. सकाळपासून ढग. १२:२६ ला फट पडली, चारेक मिनिटं मिळाली. कवडसा दक्षिणेला, १२ मिलिमीटरवर. कोन ०.६९.

आता पाहा. डिसेंबरचे ४६.१५ आणि जूनचे ०.६९. बेरीज करून निम्मे केले: २३.४२, पृथ्वीच्या आसाचा कल. वजाबाकी करून निम्मे केले: २२.७३, माझी गच्ची. क्रांती कोष्टकातून घ्यावी लागली नाही, नेट लागलं नाही. दोन खुणा, त्याही एकाच लादीवर मावतील अशा. मी ती आकडेमोड वहीत चार वेळा लिहून काढली.

पुढचा बेत २३ सप्टेंबरचा. ग्वाल्हेरला आणि बडोद्याला कोणी मीटरभर उंचीचं भोक लावून मोजायला तयार असेल तर हवं आहे. ग्वाल्हेर साडेतीन अंश उत्तरेला, तिथे कवडसा ४९ सेंटिमीटरवर पडेल, आणि आमच्या ४२ शी जोडला की पृथ्वीचा परीघ काढता येईल. बडोद्याचा कवडसा आमच्यापेक्षा जेमतेम सेंटिमीटरभर जवळ पडेल, पण मध्यान्ह दहा मिनिटं उशिरा येईल. ग्वाल्हेरकरांनी १२ पासून, आम्ही १२:१० पासून, बडोदेकरांनी १२:२० पासून खुणा सुरू कराव्यात. पाण्याची नळी मात्र आदल्या दिवशीच आणून ठेवा.