रंगपंचमीची डीव्हीडी: ऑथरिंग सॉफ्टवेअर नेमकं कुठे कोसळत होतं

नाशिकमधल्या तिवंध्याच्या रहाडीची (रंगपंचमीच्या हौदाची) डिस्क अखेर तयार झाली आणि मामांच्या जुन्या प्लेअरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता चालली. त्याआधी कितीतरी संध्याकाळी ऑथरिंगचा (व्हिडिओ आणि मेन्यू जोडून डीव्हीडी रचण्याचा) प्रोग्रॅम कोसळण्यात गेल्या. कधी मेन्यू बनवताना, कधी निम्मं एन्कोडिंग (व्हिडिओ डीव्हीडीच्या साच्यात बदलणं) झाल्यावर, कधी अगदी शेवटच्या पायरीवर. काही न सांगता खिडकीच बंद व्हायची. घरच्या टेप डिस्कवर आणणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं, म्हणून सविस्तर लिहितोय. यातली एक अडचण तर थेट आपल्या लिपीशी निगडित आहे आणि तिच्याबद्दल मला कुठेच नीट वाचायला मिळालं नव्हतं.

नाशिकबाहेरच्यांसाठी थोडं आधी. आमच्याकडे रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात, आणि जुन्या नाशकात व पंचवटीत पेशवेकालीन रहाडी आहेत. रहाड म्हणजे जमिनीखालचा हौद. वर्षभर तो झाकलेला असतो, वरून रहदारी चालते. रंगपंचमीसाठी तो उघडतात, पूजा होते, रंगाचं पाणी भरतात आणि मग लोक धडाधड उड्या घेतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. काकांनी हे वर्षानुवर्षं चित्रित केलंय, आधी व्हीएचएसवर, नंतर मिनीडीव्हीवर. अलीकडच्या वर्षांच्या क्लिपा भावंडांच्या मोबाइलमधल्या. हे सगळं एका डिस्कवर, वर्षवार मेन्यूसह आणायचं होतं.

पेनड्राइव्ह का नाही, असं बरेच जण विचारतात. मामांना रिमोटचे बाण दाबून हवं ते वर्ष निवडायची सवय आहे, टीव्हीवर फोल्डर उघडायची नाही. शिवाय एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवरून कोणी चुकून काही पुसू शकत नाही. घरातल्या दुर्मीळ चित्रणासाठी मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता कोसळण्याकडे. ऑथरिंगचे मोफत प्रोग्रॅम बहुतेक वेळा नुसतं वरचं आवरण असतात. आतली कामं वेगवेगळी छोटी साधनं करतात: एफएफएमपेग एन्कोड करतो, एमप्लेक्स चित्र आणि आवाज एकत्र गुंफतो, स्पुमक्स मेन्यूची बटणं बसवतो, डीव्हीडीऑथर डिस्कवरच्या आयएफओ (मांडणीची माहिती) आणि व्हीओबी (चित्र-आवाज) फाइली रचतो. यातलं एक साधन पडलं की वरचा प्रोग्रॅमही मान टाकतो आणि आपल्याला वाटतं, सॉफ्टवेअरच खराब आहे. म्हणून पुन्हा काढून टाकून बसवण्याआधी एवढं लिहून ठेवा: कोणती पायरी चालू होती, तात्पुरत्या फोल्डरमध्ये शेवटची फाइल कोणती तयार झाली आणि तिचा आकार किती. सोबत विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्ज आणि मग ॲप्लिकेशन. तिथल्या लाल खुणेच्या नोंदीत नेमका कोणता प्रोग्रॅम पडला त्याचं नाव असतं. माझ्या नोंदी एकत्र ठेवल्यावर लगेच दिसलं की पडण्याच्या जागा वेगवेगळ्या आहेत, म्हणजे कारणंही वेगळी असणार.

मेन्यूवर पडण्याचं कारण सर्वांत लवकर सापडलं. प्रत्येक वर्षाच्या मेन्यूला मागे एक फोटो होता आणि फोटो आजच्या मोबाइलचे, ४८ मेगापिक्सेलचे. फाइल ८-१० एमबीची दिसली तरी उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे एका फोटोला सुमारे १९२ एमबी. प्रोग्रॅम ३२ बिटचा, त्याला सहसा २ जीबीच मेमरी वापरता येते. असे दहा फोटो उघडले की संपलं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा चढताना बघत बसलो तर दर वेळी २ जीबीच्या जवळ पोचला की खिडकी जायची. कंप्यूटरमध्ये १६ जीबी रॅम असली तरी उपयोग नाही. पाल (भारतातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीचा मेन्यू असतो ७२० बाय ५७६. सगळे फोटो त्या मापाचे करून टाकले आणि हे कोसळणं थांबलं. माप बदलताना एक लक्षात ठेवा: डीव्हीडीचे पिक्सेल चौरस नसतात. ४:३ मेन्यू असेल तर चित्र ७६८ बाय ५७६ मध्ये तयार करावं आणि मग रुंदी दाबून ७२० करावी, नाहीतर टीव्हीवर माणसं आडवी ताणून जाड दिसतात.

मेन्यूत मराठी अक्षरं टाकणाऱ्यांसाठी थोडं जास्त लिहितो. बटण निवडल्यावर जो रंग चमकतो तो सबपिक्चरमध्ये (मागच्या चित्रावरच्या वेगळ्या थरात) असतो आणि त्यात पारदर्शक धरून एका वेळी फक्त ४ रंग बसतात. मऊ कडांची देवनागरी अक्षरं तिथे घातली की कडेच्या छटांमुळे रंग चाराच्या वर जातात आणि स्पुमक्स ते चित्र घेत नाही. मी अक्षरं मागच्या चित्रातच ठेवली आणि सबपिक्चरमध्ये फक्त खाली एक जाड रेघ दिली. दुसरं शिरोरेषेचं. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र एकाआड एक ओळींनी उमटतं, त्यामुळे एकाच पिक्सेलची आडवी रेषा सतत थरथरते. इंग्रजी अक्षरांना हा त्रास कमी, आपल्या प्रत्येक शब्दावर मात्र आडवी रेषा आहेच. ठळक फाँट घ्या, शिरोरेषा निदान ३ पिक्सेल जाड ठेवा. वाचायला किती फरक पडतो ते लगेच कळेल.

दुसरं कोसळणं गुंफण्याच्या पायरीवर, आणि ते नेहमी धप्प्याच्या दृश्यांशी. एमपेग-२ ला (डीव्हीडीची व्हिडिओ दाबून बसवण्याची पद्धत) उसळतं पाणी फार जड जातं. एका फ्रेमचा पुढच्या फ्रेमशी काही संबंधच उरत नाही, त्यात रंगाचे थेंब, त्यात व्हीएचएसचा दाणेदारपणा. डीव्हीडीत चित्राला जास्तीत जास्त ९.८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि सगळं मिळून १०.०८ एमबीपीएस एवढीच वाट असते. प्रोग्रॅमच्या 'उत्तम दर्जा' पर्यायात सरासरी आधीच ९ च्या आसपास ठेवलेली होती, मग धप्प्याला बिटरेट उसळून मर्यादेबाहेर जायचा आणि एमप्लेक्स तिथे थांबायचा. दर्जा हवा म्हणून सरासरी वर ढकलत राहणं हे या छंदातलं सगळ्यात फसवं आकर्षण आहे, असं माझं ठाम मत झालंय.

उपाय म्हणून एन्कोडिंग प्रोग्रॅमच्या हातातून काढूनच घेतलं. एफएफएमपेगमध्ये पाल-डीव्हीडी नावाचं तयार लक्ष्य आहे. त्यात सरासरी ६ एमबीपीएस, कमाल ९, जीओपी (एकत्र दाबल्या जाणाऱ्या फ्रेमचा गट) १५ फ्रेमचा, आवाज ४८ किलोहर्ट्झ असं सगळं आपोआप बसतं. जागेचा हिशोबही जुळतो. ४.७ जीबीची डिस्क म्हणजे ३,७६० कोटी बिट. ९० मिनिटांना, म्हणजे ५,४०० सेकंदांना भागलं तर साधारण ६.९६ एमबीपीएस येतात. त्यातून आवाज, मेन्यू आणि थोडी मोकळी जागा वजा करून मी चित्राला ६.२ ठेवले. पाण्याच्या दृश्यांना एन्कोडिंगआधी हलका नॉइज फिल्टर (दाणेदारपणा कमी करणारा) लावला. तो जास्त लावू नका, रंगाचे थेंबच पुसले जातात.

मोबाइलच्या क्लिपांचा फ्रेमरेट बदलता असतो, तो आधी स्थिर २५ करून घ्यावा लागतो. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये फ्रेमरेट मोडपुढे 'व्हेरिएबल' दिसलं की ती फाइल ऑथरिंगला तशीच देऊ नका.

आणि आता लिपीचं. हे शेवटच्या पायरीवर व्हायचं आणि फक्त मामेभावाच्या कंप्यूटरवर. काम तिथेच चाललं होतं, कारण मिनीडीव्ही उतरवायला लागणारं, कॅमेरा जोडायचं फायरवायर कार्ड त्याच्याकडे आहे. तोच प्रोजेक्ट, त्याच फाइली माझ्या लॅपटॉपवर नीट चालायच्या. विंडोज तेच, प्रोग्रॅमची आवृत्ती तीच. दोन्ही मशीन शेजारी ठेवून तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता वाचला तेव्हा फरक दिसला. त्याच्या विंडोजचं खातं देवनागरी नावाचं होतं. खातं देवनागरी असलं की वापरकर्त्याचं फोल्डर देवनागरी आणि त्याच्या पोटातलं टेंप फोल्डरही त्याच पत्त्यावर.

यात बिघडतं काय? विंडोज स्वतः युनिकोडवर (सगळ्या लिपींना जागा देणाऱ्या पद्धतीवर) चालतं, त्याला देवनागरी नावांचं काही वाटत नाही. पण आतली जुनी साधनं फाइलचं नाव ८ बिटच्या कोडपेजमधून (अक्षरांच्या जुन्या, छोट्या तक्त्यातून) वाचतात, आणि विंडोजच्या त्या जुन्या कोडपेजांमध्ये देवनागरीला जागाच नाही. मराठी आणि हिंदी विंडोजमध्ये आल्या त्याच फक्त युनिकोडमधून. त्यामुळे अशा साधनापर्यंत पोचताना प्रत्येक मराठी अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. प्रश्नचिन्ह विंडोजमध्ये फाइलच्या नावात चालतच नाही. साधनाला फाइल सापडत नाही, ते रिकाम्या हाताने पुढे जातं आणि पडतं. आधीच्या पायऱ्या का चालायच्या, तेही कळलं: एफएफएमपेग युनिकोड पत्ते समजून घेतो, शेवटचं साधन नाही.

खात्याचं नाव सेटिंगमधून बदलून भागत नाही. वरचं नाव बदलतं, फोल्डर जुनंच राहतं. आम्ही सी ड्राइव्हवर रोमन अक्षरांत छोट्या नावाचं, मध्ये मोकळी जागा नसलेलं फोल्डर केलं आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये टेंप आणि टीएमपी दोन्ही तिकडे वळवले. प्रोजेक्ट आणि व्हिडिओही तिथेच हलवले. पुढच्याच खेपेला व्हिडिओ-टीएस (डीव्हीडीच्या फाइलींचं) फोल्डर पूर्ण तयार झालं. विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांमध्ये सगळीकडे यूटीएफ-८ (युनिकोडचीच एक रीत) वापरण्याचा पर्यायही आहे, पण तो अजून बीटा म्हणून दिलेला आहे आणि इतर जुने प्रोग्रॅम त्याने बिघडू शकतात, म्हणून भावाच्या रोजच्या कंप्यूटरवर तो चालू केला नाही. मुलांनी आपल्या लिपीत खाती उघडावीत असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच ही अडचण लोकांना माहीत असायला हवी. नाहीतर कोणीतरी सांगेल की मराठी नाव ठेवलंत तिथेच चुकलं, आणि ते खरं नाही.

शेवटी कामाची वाटणी अशी ठरली: एन्कोडिंग एफएफएमपेगने वेगळं, फोटोंची मापं आधीच, ऑथरिंग प्रोग्रॅमकडे फक्त मेन्यू आणि चॅप्टर, आणि त्याने थेट डिस्क न लिहिता फोल्डर बनवायचं. ते फोल्डर व्हीएलसीमध्ये तपासलं, प्रत्येक बटण दाबून पाहिलं, मग पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर घेतलं, मग मामांच्या प्लेअरवर. एमजी रोडवरून आणलेल्या कोऱ्या डिस्कवर त्यानंतरच लिहिलं, कमी वेगाने. पायऱ्या सुट्या असल्या की काही पडलं तरी आधीचं काम हातात राहतं.

मामांनी सर्वांत आधी १९९० च्या दशकातलं वर्ष लावलं आणि काठावर उभ्या असलेल्या लोकांची नावं सांगायला सुरुवात केली. ती नावं आता लिहून घेतोय, पुढच्या प्रतीत सबटायटल म्हणून घालायची आहेत.

पुढचं काम सप्टेंबर २००८ च्या पुराची टेप. गोदावरीचं पाणी, दुतोंड्या मारुती, सगळं त्यात आहे. ती मिनीडीव्ही आहे, म्हणजे खालची फील्ड (फ्रेममधल्या एकाआड एक ओळींचा निम्मा भाग) आधी. एन्कोड करताना हा क्रम चुकीचा लिहिला गेला तर वाहतं पाणी मागेपुढे थरथरतं, त्यामुळे तो आधी तपासणार. दुसरी गोष्ट आवाजाची. टेपचा पहिला भाग १२ बिट, ३२ किलोहर्ट्झवर आहे आणि नंतर कोणीतरी कॅमेऱ्याचं सेटिंग १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ केलंय. डीव्हीडीला सगळं ४८ लागतं आणि मध्येच दर बदलणारी फाइल ऑथरिंगपर्यंत नेण्यात अर्थ नाही. म्हणून कॅप्चर दोन तुकड्यांत करणार आहे, दर बदलतो नेमक्या त्या जागी तोडून, आणि पहिल्या तुकड्याचा आवाज स्वतंत्रपणे ४८ वर आणणार आहे.